निदान झाल्यावर कामकरी माणसाने काय करावे?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी कामगार यांवर बोलणार असे श्रोते धरून चालतात. त्या विषयांवर बोलण्याची आम्हांला उभ्या जन्माची सवय आहे आणि पुढेही बोलूच. आज मात्र आम्ही जो विषय घेतला आहे, तो आमच्या जिल्ह्यात चारचौघांत बोलला जात नाही. तो आहे पुरुषांना होणारा प्रोस्टेटचा कर्करोग, आणि त्याचे निदान झाल्यावर कामकरी माणसाने आधार आणि सल्ला कोठे नि कसा घ्यावा.

सभेत भगिनी बसलेल्या असताना हा विषय कसा काढावा, असा प्रश्न आमच्या एका मित्राने केला. आमचे उत्तर असे की, भगिनी बसलेल्या आहेत म्हणूनच तो काढला पाहिजे. हा रोग होतो पुरुषाला, परंतु त्याची पिशवी, त्याची फाइल, त्याच्या गोळ्या आणि त्याचा राग हे सारे सांभाळते ती घरातली बाई. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो सर्वसामान्य माणसाच्या कानी ज्ञान पडावे म्हणून. ते ज्ञान कमरेच्या वरच्याच शरीराचे असावे असा काही नियम त्यांनी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापाशी, एस. टी. च्या प्रवासात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. गेल्या काही वर्षांत या रोगाचे कागद घेऊन आमचे सभासद कचेरीत येऊ लागले, तेव्हा ते कागद शब्दकोश जवळ घेऊन आम्ही वाचू लागलो, आणि सभासदांबरोबर रुग्णालयाच्या बाकांवर बसू लागलो. तेथे जे शिकलो, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. डॉक्टरसमोर जाऊन कसे बसावे हे मात्र आम्ही सांगू शकतो, कारण समोर बसून बोलणी करणे हाच आमचा धंदा आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला वैद्यकीय मराठीत पुरस्थ ग्रंथी म्हणतात. बोलण्यात प्रोस्टेट हाच शब्द रुळला आहे. पन्नाशी उलटली की ती बहुतेकांची थोडीफार वाढते. मग लघवीची धार बारीक होते, रात्री तीनतीनदा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु कर्करोगही त्याच ग्रंथीत होतो, आणि सुरुवातीला तो बहुधा काहीच बोलत नाही. म्हणून कोणता त्रास कशाचा, हे घरी बसून ठरवता येत नाही.

आमच्या भागात लघवीच्या प्रत्येक तक्रारीला एकच नाव आहे, ते म्हणजे ‘उष्णता’. एस. टी. चा चालक म्हणतो इंजिनाची उष्णता, जिनिंगमधला फिटर म्हणतो यंत्राची उष्णता, शेतकरी म्हणतो उन्हाची उष्णता. यवतमाळचा मे महिना आपणां सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा या समजुतीला आम्ही हसत नाही. परंतु सब्जा आणि धन्याचे पाणी पिऊन दोनदोन वर्षे काढलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

रक्ताची एक तपासणी असते, तिला पी. एस. ए. म्हणतात. या ग्रंथीतून रक्तात उतरणारा एक पदार्थ त्यात मोजला जातो. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच आहे असे नाही. नुसत्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो. पुढे डॉक्टर बोटाने तपासतात, एम. आर. आय. काढतात आणि सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे घेतात. या शेवटच्या तपासणीला बायॉप्सी म्हणतात, आणि रोग पक्का ठरतो तो तिच्यावर. ‘सुई लावली की गाठ चवताळते’ हा समज खेड्यांत फार पसरला आहे. त्याला आधार नाही. सुई लावल्यामुळे रोग सापडतो. सापडला म्हणजे तो सुईने झाला, असे म्हणणे हे पंचनामा केल्यामुळे चोरी झाली असे म्हणण्यासारखे आहे.

निदान झाले की माणसाच्या मनात पहिली गोष्ट येते ती लपवण्याची. दुसरा कोणताही आजार माणूस सांगतो. हा सांगत नाही. यात फक्त अडाणी माणसेच सापडतात असे कोणी समजू नये. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ १९८१ च्या मे महिन्यात निवडून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे, आणि तो हाडांत पोचल्याचे निष्पन्न झाले. पुढची जवळजवळ अकरा वर्षे ही गोष्ट देशापासून लपवण्यात आली. त्यांच्या प्रकृतीची पत्रके नियमाने निघत, पण त्यांत या रोगाचा उल्लेख नसे. १९९२ साली ती उघड झाली आणि १९९६ च्या जानेवारीत ते वारले. यात दोन धडे आहेत. एक असा की हाडांत पोचलेला रोग घेऊनही मनुष्य चौदा वर्षे जगला आणि त्यातली बरीच वर्षे राज्य करीत होता. तेव्हा निदान म्हणजे लगेच मरण नव्हे. दुसरा धडा असा की राष्ट्राध्यक्षाने रोग लपवला तरी त्याच्याकडे डॉक्टर गुपचूप घरी येत होते. आमचा माणूस रोग लपवतो तेव्हा त्याच्याकडे कोणीही येत नाही. त्याचे लपवणे म्हणजे उपचार न घेणे.

याउलट नेल्सन मंडेलांचे पाहा. २००१ च्या जुलैमध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांना हाच रोग निघाला. ते जगाला सांगण्यात आले. सात आठवडे त्यांनी किरणोपचार घेतले आणि पुढे २०१३ पर्यंत, म्हणजे वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत ते जगले. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाचे पौरुष या रोगाने कमी झाले असे जगात कोणी म्हणाले नाही. मग आमच्या लोहाऱ्याच्या गिरणीतल्या किंवा वणीच्या खाणीतल्या कामगाराला तसे वाटण्याचे कारण काय?

आता आमचे मुख्य म्हणणे मांडतो. युनियनमध्ये एक जुना नियम आहे. मालकाने बोलावले तर एकट्याने जाऊ नये, कागद वाचल्याशिवाय सही करू नये, आणि पहिल्याच बैठकीत शेवटचा शब्द देऊ नये. डॉक्टर हा मालक नव्हे, तो आपला शत्रू तर मुळीच नव्हे; बहुतेक डॉक्टर आम्ही पाहिले ते कामाने वाकलेले आणि मनाने चांगले. परंतु टेबलाच्या एका बाजूला सारे ज्ञान आणि दुसऱ्या बाजूला सारी भीती असली, म्हणजे नीट बोलणे होत नाही. म्हणून आजारी माणसाने तेथे एकट्याने जाऊ नये. बरोबर एक सोबती हवा. घाबरलेल्या माणसाला ‘कॅन्सर’ या शब्दानंतरचे काही ऐकू येत नाही. सोबत्याला ऐकू येते आणि तो लिहून घेऊ शकतो.

काय लिहून घ्यावे? आमच्या कचेरीत यासाठी शंभर पानी वही देतो आणि तिच्या पहिल्या पानावर काही प्रश्न लिहून देतो. रोग ग्रंथीच्या आतच आहे, की आसपास पसरला, की हाडांत गेला? बायॉप्सीच्या कागदावर ग्लीसन अंक किती आहे? आज काहीच केले नाही आणि नुसते लक्ष ठेवले तर काय होईल? कोणत्या उपचाराने लघवीवर आणि नवराबायकोच्या संसारावर काय परिणाम होईल, आणि तो किती काळ राहील? किती फेऱ्या माराव्या लागतील आणि मजुरी किती दिवस बुडेल? सरकारी योजनेत काय बसते आणि खिशातून काय जाईल? डॉक्टरांचा वेळ थोडा असतो हे खरे. म्हणूनच प्रश्न आधी लिहिलेले असावेत.

यांतला ग्लीसन अंक थोडा समजावतो, कारण कागदावरचा तो आकडा पाहून माणसे उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन डॉक्टरने १९६६ साली ही पद्धत काढली. सुईने काढलेल्या तुकड्यातील पेशी किती बिघडल्या आहेत त्यावरून गुण देतात. हल्ली कर्करोगाला ६ ते १० असा अंक मिळतो. ६ म्हणजे मवाळ, १० म्हणजे जहाल. म्हणजे ‘दहापैकी सहा’ वाचून निम्म्याहून अधिक शरीर गेले असे समजू नये. सहा हा यांतला सर्वांत सौम्य अंक होय.

मवाळ रोग ग्रंथीच्या आत असेल, तर घाई नसते. ही आमची कल्पना नव्हे. ब्रिटनमध्ये अशा १,६४३ पुरुषांचे तीन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडण्यात आले. एका गटावर फक्त लक्ष ठेवले, दुसऱ्याची शस्त्रक्रिया केली, तिसऱ्याला किरणोपचार दिले. पंधरा वर्षांनंतरचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत शंभरांतले सुमारे ९७ जण या रोगाने दगावले नव्हते. नुसते लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते, हेही सांगितले पाहिजे. आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना पुढे उपचार घ्यावे लागले. परंतु यावरून एवढे नक्की ठरते की अशा माणसाला विचार करायला काही आठवडे मिळतात. आमच्या एका सभासदाला एका खासगी ठिकाणी ‘संध्याकाळच्या आत पैसे भरा, उद्या ऑपरेशन’ असे सांगण्यात आले. त्याने बैलजोडी विकायला काढली होती. दुसऱ्या ठिकाणी कागद दाखवले तेव्हा कळले की त्याला घाई मुळीच नव्हती.

घाई केव्हा असते तेही सांगतो, आणि एवढे एक वाक्य तरी आपण घरी घेऊन जावे. या रोगाच्या माणसाची पाठ सतत दुखू लागली आणि पायांतली शक्ती जाऊ लागली, पाय बधिर झाले, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात जावे. मणक्यातला रोग मज्जारज्जूला दाबतो तेव्हा असे होते. तेथे एक दिवस गेला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. तसेच लघवी पूर्ण अडली तर रात्र काढू नये.

आता सल्ला कोणाचा घ्यावा? या रोगात तीन तऱ्हेचे तज्ज्ञ असतात: कापणारे, किरण देणारे आणि औषध देणारे. सुताराला विचारले तर तो लाकडाचे दार सांगेल आणि लोहाराला विचारले तर लोखंडाचे. दोघेही खोटे बोलत नाहीत. म्हणून जेथे हे तिघे एका ठिकाणी बसून विचार करतात, अशा जागी एकदा तरी कागद दाखवावेत. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नव्हे. बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्यावेत; ते दुसरीकडे पुन्हा तपासता येतात, पुन्हा सुई लावण्याचे कारण नसते.

आपल्या जिल्ह्याचा भूगोल असा की प्रत्येक तालुक्याची वाट निराळी. यवतमाळात वसंतराव नाईकांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरुवात तेथून करावी. पुढे वर्धेजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे आणि जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. उमरखेड-पुसदच्या माणसाला नांदेड जवळ पडते, दारव्हा-नेरच्या माणसाला अमरावती, वणीच्या माणसाला चंद्रपूर. आणि सर्वांच्या शेवटी मुंबईचे टाटा रुग्णालय, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथल्या तज्ज्ञांचे मत कागदपत्रे ऑनलाइन पाठवूनही घेता येते. कोणाच्या तरी मुलाला किंवा नातीला हे जमते. प्रत्येकाने मुंबईला धावावे असे आम्ही म्हणत नाही. मत मुंबईचे आणि उपचार नागपूरचा, असे जमले तर कुटुंब मोडत नाही.

कारण या रोगात फेऱ्यांचा खर्च औषधाइतकाच भारी असतो. शकुंतला गाडी बंद पडली आणि यवतमाळच्या माणसाला नागपूर म्हणजे एस. टी. ने दीडशे किलोमीटरच्या आसपास. किरणोपचार पूर्वी सात-आठ आठवडे रोज चालत. २०१६ साली ब्रिटनमधल्या तीन हजारांवर रोग्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले की, ग्रंथीच्या आतल्या रोगाला ३७ ऐवजी २० बैठकांतही तेवढाच गुण येतो. आणि २०२४ साली निवडक सौम्य रोग्यांसाठी पाच बैठकांचाही निकाल तसाच आला. हे सर्वांना लागू नाही, आणि ते प्रत्येक यंत्रावर होत नाही. परंतु ‘साहेब, माझ्या बाबतीत कमी बैठका चालतील काय?’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. आणि उत्तर ‘होय’ आले तर तीन आठवड्यांची मजुरी वाचते. बोनसच्या वाटाघाटीत एवढे मिळवायला आम्हांला संप करावा लागतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट. रोग हाडांत गेला असेल तर तो समूळ जात नाही, पण आवरता येतो. हा रोग पुरुषाच्या शरीरातल्या पुरुषी रसावर पोसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. म्हणजे परळला टाटा रुग्णालय उघडले त्याच वर्षी. १९६६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तो रस बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ठरावीक महिन्यांनी जन्मभर इंजेक्शन घेणे. दुसरा, वृषण काढून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया. रस बंद करण्याच्या कामात दोन्ही सारखे. इंजेक्शन थांबवता येते, शस्त्रक्रिया परतवता येत नाही; उलट इंजेक्शनला दर वेळी पैसा आणि फेरी लागते, शस्त्रक्रिया एकदाच आणि स्वस्तात होते.

आमच्या एका जुन्या सोबत्याला, जिनिंगमधून निवृत्त झालेल्या फिटरला, डॉक्टरांनी हे दोन मार्ग सांगितले. तो काही न बोलता उठला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणाला, “भाऊ, मले मरू द्या, पन हे काम सांगू नका.” आम्ही त्याला काही समजावले नाही. त्याच्या बायकोलाही त्या दिवशी काही बोलू दिले नाही. दुसऱ्या तालुक्यात आमचा एक सभासद होता, ज्याची तीच शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे झाली होती. या दोघांची गाठ घालून दिली आणि आम्ही बाहेर चहा पीत बसलो. आत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. बाहेर आल्यावर तो एवढेच म्हणाला, “त्याची मिशी तशीच हाय.” पुढे घरी बायकोशी बोलून त्याने शस्त्रक्रियेचा मार्ग घेतला, कारण दर तीन महिन्यांची फेरी मुलाच्या मजुरीतून निघणार नव्हती. आज त्याला चौथे वर्ष आहे. अंगातून गरम वाफा येतात, थकवा लवकर येतो, हाडांसाठी कॅल्शियम घ्यावे लागते आणि नवराबायकोपणातले जे गेले ते गेले. ते गेले नाही असे आम्ही खोटे सांगणार नाही. पण पाठीचे दुखणे थांबले, आणि तो रात्री झोपतो.

त्याला गरिबीमुळे हा मार्ग घ्यावा लागला, हे आमच्या मनाला बोचते. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला निवड करता यावी आणि ज्याच्याजवळ नाही त्याला करता येऊ नये, हा न्याय नव्हे. आणि योजनांमध्ये इंजेक्शनही नियमित मिळाले पाहिजे, ही मागणी आम्ही करीत राहू. परंतु मागणी मान्य होईपर्यंत रोग थांबत नाही. तेव्हा निर्णय रोग्याचा. भीतीचा नव्हे आणि शेजाऱ्याचाही नव्हे.

दुसरा एक सभासद जडीबुटीवाल्याकडे गेला आणि पाय गेल्यावर आमच्याकडे आला. तो राहिला नाही. त्याच्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही. त्याला वेळेवर दुसरा रोगी भेटला असता तर काय झाले असते, एवढाच विचार मनात येतो.

औषधांच्या बाबतीतही विचारण्यासारखे पुष्कळ असते. रोग पुढे गेला की ॲबिराटेरोन नावाच्या गोळ्या देतात. त्या उपाशीपोटी हजार मिलिग्रॅम घेतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ७२ रोग्यांच्या एका छोट्या अभ्यासात हलक्या न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅम घेऊन पी. एस. ए. तसाच उतरल्याचे दिसले, कारण अन्नाबरोबर ही गोळी अधिक शोषली जाते. याचा अर्थ घरी बसून गोळ्या कमी कराव्यात असा नव्हे. आणि पूर्ण मात्रा जेवणाबरोबर घेणे तर धोक्याचे. अर्थ एवढाच की खर्च झेपत नसेल तर औषध गुपचूप बंद करू नये. ‘साहेब, परवडत नाही, दुसरा मार्ग आहे काय?’ असे डॉक्टरांना तोंडाने सांगावे.

पैशाविषयी थोडे सांगतो. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता सर्व जिल्ह्यांत आहे आणि केंद्राच्या योजनेशी जोडून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण सांगितले आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटावे, नंतर नव्हे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड यांवरची नावे जुळतात की नाही हे आजच घरी जाऊन पाहावे. एका वेलांटीसाठी माणसे परत गेलेली आम्ही पाहिली आहेत.

ज्यांची कामगार राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांना उपचार तर आहेतच, शिवाय कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, अटी पूर्ण होत असतील तर, मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. किमान पाच वर्षे विम्यात राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःचे आणि पत्नीचे उपचार चालू ठेवता येतात. हा रोग बहुधा निवृत्तीनंतरच गाठतो, आणि नेमकी हीच तरतूद कामगारांना ठाऊक नसते. रेल्वेत कर्करोगाच्या रोग्याला आणि सोबत्याला उपचाराच्या प्रवासासाठी भाड्यात मोठी सवलत आहे. डॉक्टरच्या ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र मात्र लागते.

मुंबईला जावेच लागले तर राहायचे कोठे? आपल्या वऱ्हाडच्या मातीतल्या गाडगेबाबांनी मंदिरे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. जागा मिळेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. फुटपाथवर रात्री काढण्यापेक्षा चार दिवस उशिरा गेलेले चालते. फक्त मघाशी सांगितलेली पायांची गोष्ट नसावी.

शेवटी आमची सूचना. सेवाग्रामच्या रुग्णालयाने आसपासच्या गावांत एक योजना चालवली होती. गावकरी सुगीला ज्वारी द्यायचे आणि त्यातून गावाच्या औषधपाण्याचा विमा उभा राहायचा. ज्याच्याजवळ रोकड नव्हती त्याच्याजवळ धान्य होते. कामगार संघटना, पतसंस्था, सहकारी सोसायटी, एस. टी. चा डेपो, खाणीची वसाहत यांपैकी प्रत्येकाजवळ काही ना काही आहे. प्रत्येक ठिकाणी दोन माणसे नेमावीत, एक पुरुष आणि एक बाई. त्यांनी औषध सांगू नये. त्यांनी तीन कामे करावीत: रोग्याबरोबर पहिल्या तीन फेऱ्या जाणे, कागद तारखेप्रमाणे फाइलला लावणे, आणि त्याच रोगातून गेलेल्या दुसऱ्या माणसाशी त्याची गाठ घालणे. बाई अशासाठी की रोग्याच्या बायकोलाही विचारायचे असते, आणि तिला विचारायला कोणी नसते. पन्नाशी ओलांडलेल्या ज्या सभासदाला लघवीचा त्रास आहे, किंवा ज्याच्या बापाला वा भावाला हा रोग झाला होता, त्याला डॉक्टरकडे जायला सांगणे हेही त्यांचेच काम.

यात खर्च जवळजवळ काही नाही. नागपूरच्या ज्या रुग्णालयाला राष्ट्रसंतांचे नाव दिले आहे, ते तुकडोजी महाराज स्वतः १९६८ साली कर्करोगानेच गेले. ज्यांच्याभोवती हजारो माणसे असत त्यांनाही हा रोग टळला नाही. पण शेवटपर्यंत माणसे त्यांच्याजवळ होती. प्रत्येक रोगी बरा करणे आपल्या हातात नाही. प्रत्येक रोग्याजवळ माणूस असणे हे मात्र आपल्या हातात आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव कर्जाच्या आणि त्यापायी घेतलेल्या जिवांच्या बातम्यांत येते. त्या प्रत्येक घरात कर्जाआधी एकटेपणा शिरलेला असतो, असा आमचा अनुभव आहे, आणि आजार हे त्याचे एक मोठे दार आहे.

या सभागृहात जे कोणी खिशात असा कागद घेऊन बसले असतील आणि ज्यांनी तो अद्याप घरी दाखवला नसेल, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. आज रात्री जेवणाआधी तो बाहेर काढा आणि घरच्या माणसाच्या हाती द्या. वाचता येत नसेल तर उद्या आमच्या कचेरीत या. सभासद असल्याची पावती आम्ही मागणार नाही.